चौकातली देवी आणि भिंतीवरचे चित्र : वारली चित्रकलेच्या आस्वादाचा प्रश्न

महाराष्ट्रातील आदिवासी कलांपैकी वारली चित्रकलेइतकी सर्वत्र दिसणारी दुसरी कला आज नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेले धड, वर गोल डोके आणि काडीसारखे हातपाय असलेली माणसे साडीच्या पदरावर, शाळांच्या कुंपणभिंतींवर, हॉटेलांच्या दिवाणखान्यांत आणि शुभेच्छापत्रांवर सारख्याच सहजतेने वावरतात. एवढ्या परिचयानंतरही या चित्रांत काय आहे, ती कोणासाठी काढली जातात आणि ती चांगली की वाईट हे वारली समाज स्वतः कशावरून ठरवतो, या प्रश्नांना मराठी कलासमीक्षेने फारसा हात घातलेला नाही. एकाच चित्रात दोन माणसांना दोन निरनिराळ्या गोष्टी सुंदर वाटतात, हे सामान्य विधान म्हणून सर्वांना मान्य असते; परंतु त्या दोघांपैकी एकाचीच दृष्टी पुस्तकांत, संग्रहालयांत आणि बाजारात नोंदली जाते, तेव्हा तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांत आणि लगतच्या गुजरात व दादरा-नगर हवेलीत राहणाऱ्या वारली समाजात या चित्राचे मूळ स्थान लग्नघराची भिंत हे होते. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप देऊन तो गेरूने सारवायचा, भिजवलेले तांदूळ वाटून त्याचे पांढरे पीठ पाण्यात कालवायचे आणि बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने सवाशिणींनी, म्हणजे नवरा हयात असलेल्या विवाहित स्त्रियांनी, त्या भिंतीवर चौक लिहायचा, अशी ही रीत आहे. चौक म्हणजे नक्षीच्या पट्ट्यांनी चारी बाजूंनी बांधलेला चौरस. त्याच्या मध्यभागी पालघट ही सुफलतेची, वनस्पतीच्या वाढीची देवी असते. सूर्य, चंद्र, फणी आणि शिडी यांना जागा असते. चौरसाबाहेर झाडे, पशुपक्षी, वऱ्हाड आणि नाचणारी माणसे येतात. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या हा शीर नसलेला, मानेतून कणसांचे कोंब फुटलेला देव असतो. चौक लिहिला जात असताना आणि पुढे लग्नाच्या विधींत धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी गायिका, गाणी म्हणत असते, आणि भगत देवतांना आवाहन करतो.

या सर्व व्यवहारात चित्राची पारखही होत असते, हे बाहेरच्या निरीक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही. चौकट कोठे तुटली आहे का, देवीच्या भोवती जे असायला हवे त्यातले काही राहिले आहे का, चौक वेळेत पुरा झाला का, असे प्रश्न तेथे विचारले जातात, कारण चौकाशिवाय लग्न लागत नाही. चित्र बरे उतरले म्हणजे देवीला बसायला जागा झाली. लग्नानंतर ते जपून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नाही. धुराने आणि पावसाळी ओलीने ते पुसट होते आणि पुढच्या सारवणाखाली जाते. ज्या वस्तूचे काम पूर्ण झाले आहे ती टिकवण्यात अर्थ नाही, अशी ही धारणा आहे, आणि टिकाऊपणालाच कलेचे लक्षण मानणाऱ्या संग्रहालयी दृष्टीशी तिचा मेळ बसत नाही.

मराठी सौंदर्यशास्त्राकडे या दोन दृष्टींतील अंतर मोजण्याची साधने मुळात नव्हती असे नाही. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्य हे कलाकृतीतील संवेदनांच्या परस्परसंबंधांत असते, आणि ते संबंध संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी बांधलेले असतात, असे प्रतिपादन केले. या कसोटीला वारली चित्र विलक्षण उतरते. गेरूच्या तांबड्या पार्श्वभूमीवर एकच पांढरा रंग, त्रिकोण, वर्तुळ व चौरस एवढेच मूलाकार, आणि त्यांच्या पुनरावृत्तीतून उभी राहणारी गती हे सारे मर्ढेकरांच्या परिभाषेत नेमके सांगता येते. पण त्या परिभाषेत पालघटाला जागा नाही. देवीच्या जागी तेवढ्याच आकाराची दुसरी आकृती काढली तरी लय तीच राहील, आणि वारली स्त्रीच्या दृष्टीने मात्र तो चौक उरणारच नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात याच अडचणीचा तात्त्विक पाया दाखवला. कलेचे मूल्य जीवनापासून अलग मानणारी अलौकिकतावादी भूमिका आणि ते जीवनातील अर्थ, उपयोग व नीती यांच्याशी जोडलेले मानणारी लौकिकतावादी भूमिका असे दोन ध्रुव त्यांनी मांडले, आणि सौंदर्याविषयीचे आपले बोलणे या दोहोंच्या ताणातच चालते असे दाखवले. त्यांच्या विवेचनात मोठे स्थान असलेल्या कांटने 1790 च्या आपल्या ग्रंथात स्वायत्त सौंदर्य, म्हणजे वस्तू काय आहे याचा विचार न करता जाणवणारे सौंदर्य, आणि परायत्त सौंदर्य, म्हणजे त्या वस्तूच्या कल्पनेवर अवलंबून असलेले सौंदर्य, असा भेद केला होता. स्वायत्त सौंदर्याची उदाहरणे देताना तो किनारींवरील पानाफुलांच्या नक्षीचा आणि भिंतीच्या कागदांचा उल्लेख करतो. आणि त्याच ठिकाणी न्यूझीलंडच्या लोकांचे गोंदण घेऊन म्हणतो की, ज्यावर ते काढले आहे तो माणूस नसता, तर त्या रेषा आकृतीला शोभल्या असत्या. माओरी समाजात चेहऱ्यावरील त्या रेषा माणसाचे कूळ व त्याचा मान सांगतात. कांटला त्या केवळ अलंकरण वाटल्या. एवढा सूक्ष्म विचारवंतही दुसऱ्या समाजाचा अर्थवाही आकार पाहताना नक्षीपाशी थांबतो, ही गोष्ट वारली चित्रांच्या संदर्भात विसरून चालणार नाही, कारण पदरावर छापलेली वारली किनार आज नेमक्या याच नजरेने पाहिली जाते.

चित्र भिंतीवरून कागदावर आले ते 1970 च्या दशकात. हस्तकला विकासाच्या सरकारी योजनेतून भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना कागद पुरवून चित्रे काढायला लावण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. गंजाड येथे त्यांना जिव्या सोमा माशे भेटले, जे लग्नविधीची वाट न पाहता स्वतःच्या ओढीने चित्रे काढीत असत. मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आला आणि 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये माशे यांचे निधन झाले, तेव्हा एका मोठ्या आधुनिक भारतीय चित्रकाराचे काम पूर्ण झाले होते. ‘लोककलाकार’ या शिक्क्याने त्या कामाची मोजणी होत नाही.

माशे यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र जवळून पाहिले तर हे विधान पटते. जाळे म्हणून जो प्रचंड आकार पृष्ठभागावर पसरतो तो हजारो बारीक रेषांच्या विणीने बनलेला असतो. वीण कोठे घट्ट होते, कोठे सैल पडते, आणि त्या फरकातून पाण्याखालची ओढ जाणवू लागते. माणसे इतकी लहान असतात की, ती शोधावी लागतात. येथे चौकाची बंदिस्त चौकट नाही, देवी नाही, विधी नाही. तरीही जगातील प्रत्येक लहान हालचाल दुसऱ्या हालचालीशी बांधलेली आहे ही चौकातील श्रद्धा रेषेत शाबूत आहे. मर्ढेकरांची लय आणि सवाशिणीचा अर्थ या दोहोंचा येथे संगम झाला आहे, असे म्हणता येते.

पाश्चात्य कलाजगताने माशे यांना लवकर ओळखले, पण आपल्या अटींवर. 1989 मध्ये पॅरिसमध्ये झां-ह्युबेर मार्तां यांनी भरवलेल्या ‘मॅजिसिएं द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात युरोप-अमेरिकेतील प्रस्थापित कलावंतांबरोबर त्यांची चित्रे लागली. सर्व कलावंतांना समान पातळीवर आणण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. परंतु संदर्भ काढून घेऊन वस्तू शेजारी शेजारी मांडल्याने समता येते का, हा त्यावरील आक्षेपही तितकाच खरा होता. पुढे 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासह माशे यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. लाँग निसर्गात चालत जातात आणि दगडांची वर्तुळे व रेषा मांडतात. माशे यांच्या चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वळसे घेत जाते. दोन्हींत वर्तुळ आहे, म्हणून दोन्ही एकच सांगतात असे मानणे चुकीचे ठरेल. लाँग यांचे वर्तुळ एकट्या माणसाच्या वाटचालीची खूण आहे; तारप्याच्या फेऱ्यात कोणी एकटा नसतो आणि नाचणारा वाद्याकडे पाठ करीत नाही.

या दोन दृष्टींना एकाच पृष्ठभागावर आणणारा सर्वांत विचारप्रवर्तक प्रयोग छायाचित्रकार गौरी गिल आणि गंजाडचेच चित्रकार राजेश चैत्या वनगड यांनी 2013 पासून केला आहे. गिल यांनी त्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रे काढली: माळ, डोंगर, पायवाटा, झाडे आणि त्यांत उभे असलेले किंवा बसलेले वनगड. छायाचित्रे उत्तम होती, तरी वनगड यांनी त्या जागांविषयी जे सांगितले होते ते त्यांत नव्हते; आणि म्हणून वनगड यांनी त्या छायाचित्रांवरच शाईने रेखाटन केले. जो माळ कॅमेऱ्याला रिकामा दिसला तो देवतांनी, पिकांनी, जनावरांनी, जुन्या दंग्याधोप्यांच्या आणि कारखान्यांच्या आठवणींनी गच्च भरून गेला. प्रेक्षक आधी छायाचित्र पाहतो, मग रेखाटन, आणि नंतर त्याला ते पहिले रिकामे दृश्य पुन्हा पाहता येत नाही. वारली कलेवरील कोणत्याही मराठी लेखापेक्षा या मालिकेने पाहण्याच्या फरकाचा प्रश्न अधिक स्पष्टपणे मांडला आहे, ही गोष्ट समीक्षेने मान्य करायला हवी.

अर्थाचा आणखी एक थर आहे, आणि तो आनंदाचा नाही. शहरी ग्राहकाला वारली चित्रातील लग्न, नाच आणि शेती म्हणजे निर्धास्त, निसर्गाशी एकरूप जीवन वाटते. परंतु ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई त्याच लग्नाच्या खर्चाने कित्येक वारली पुरुषांना जन्मभर बांधून टाकले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराच्या घरी राबणाऱ्या अशा माणसाला लग्नगडी म्हणत. 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या वारली लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे, आणि त्या पुस्तकाला 1972 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. मराठी वाचकाच्या एकाच कपाटात ते पुस्तक आणि वारली नक्षीचा फुलदाणीसंच सुखाने राहू शकतात, कारण दोहोंचा संबंध जोडून दाखवणारे लेखन झालेले नाही. ज्या भिंतीवर देवी होती त्याच घरातला माणूस दुसऱ्याच्या शेतावर बांधलेला होता, हे कळल्यानंतर त्या चित्रातील सुफलतेची याचना वेगळ्या तीव्रतेने जाणवते.

सध्याची स्थिती संमिश्र आहे. गंजाड व आसपासच्या गावांत चित्रकलेवर अनेक कुटुंबे जगतात, आणि मजुरीसाठी स्थलांतर करावे लागणाऱ्या भागात हे मोल लहान नाही. नव्या पिढीचे चित्रकार आगगाडी, इमारती, धरणे आणि तुटणारी जंगले चित्रांत आणतात. अशा चित्रांना ‘अशुद्ध’ म्हणणारा प्रेक्षक परंपरेचे रक्षण करीत नाही, वारली माणसाला भूतकाळात डांबून ठेवतो. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ते संरक्षण मुख्यतः नावाला मिळते, नाव न लावता केवळ शैली उचलणाऱ्या छापखान्याला त्याने आळा बसत नाही. सर्वांत मोठा तोटा स्त्रियांचा झाला आहे. जी कला त्यांच्या अधिकाराची होती तिचे बाजारातील व पुरस्कारांच्या यादीतील चेहरे बहुतांशी पुरुषांचे आहेत, आणि कुडाच्या भिंती जाऊन सिमेंटची घरे आली तसा चौकही आक्रसत गेला आहे.

यशोधरा डालमिया यांनी 1988 मध्ये इंग्रजीत वारली चित्रविश्वाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या तोडीचे, सवाशिणींच्या आणि धवलेरींच्या स्वतःच्या निकषांना केंद्रस्थानी ठेवणारे काम मराठीत व्हायला हवे, आणि तेही लवकर, कारण चौक लिहिताना काय योग्य आणि काय चुकले हे सांगू शकणाऱ्या स्त्रिया आता वयस्क आहेत. विद्यापीठांच्या मराठी व ललितकला विभागांनी हे काम वारली तरुणांना सोबत घेऊन, त्यांच्या बोलीत मुलाखती नोंदवून करावे. संग्रहालयांनी चित्रावर चित्रकाराचे नाव, गाव आणि प्रसंग लिहावा. आणि वारली चित्र विकत घेणाऱ्या वाचकाने ते काढणाऱ्याला किंवा काढणारीला त्यात काय आहे एवढे तरी विचारावे.