छडी आणि श्रोते

वाद्यवृंदाचा संचालक हा संगीतातला मोठा चमत्कारिक माणूस आहे. शंभर माणसे वाजवीत असतात आणि हा एकटा काहीच वाजवीत नाही. आपल्या मैफलीत अशा माणसाला जागाच नाही. गवई स्वतः गातो आणि साथीदार त्याच्या गळ्याकडे कान लावून असतात. त्यामुळे पुष्कळांना प्रश्न पडतो, की हा गृहस्थ नेमके करतो तरी काय? जर्मन संचालक विल्हेल्म फुर्टव्हेंगलर (१८८६–१९५४) ह्याने ह्या प्रश्नाचे उत्तर हाताने दिले, तसेच लेखणीनेही दिले. त्या उत्तराची परीक्षा मात्र त्याच्या आयुष्याने घेतली.

१९२२ साली, छत्तिसाव्या वर्षी, तो बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला. त्याचा हात पाहून नवखा वादक गोंधळून जाई. छडी सरळ खाली येतच नसे. ती थरथरत उतरे. पण हा अनाडीपणा नव्हता. नाद कसा निघेल हे ठोक्यावर नव्हे, तर ठोक्याच्या आधीच्या तयारीवर ठरते, असे त्याचे मत होते. धारदार ठोक्याने सगळे एकदम वाजवतात खरे, पण नाद कोरडा होतो. हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. सम सुंदर वाटते ती तिच्याकडे येण्याच्या वाटेमुळे, हे ख्याल ऐकणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

त्याचा दुसरा विचार ह्याहून महत्त्वाचा आहे. कागदावरची स्वरलिपी म्हणजे संगीत नव्हे, असे तो मानी. त्याच काळातला इटालियन संचालक आर्तुरो टोस्कानिनी लिहिलेल्या अक्षराशी इमान राखण्याबद्दल प्रसिद्ध होता. फुर्टव्हेंगलरला हे इमान अपुरे वाटे. रचनाकाराच्या मनात कृती वाढत गेली. ती पुन्हा वाढताना ऐकू आली पाहिजे, मग त्यासाठी लय कोठे सैल होईल, कोठे आवळेल. १९५१ साली बायरॉइट येथे त्याने सादर केलेल्या बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीचे ध्वनिमुद्रण ऐकावे. ह्या सिम्फनीच्या आरंभी दोनच स्वर आहेत, षड्ज-पंचमाच्या अंतरावरचे. गंधार नसल्यामुळे कोमल की शुद्ध, सुख की दुःख, काहीच ठरत नाही. कोणीतरी दूर तंबोरा जुळवीत असावा असे वाटते. फुर्टव्हेंगलर येथे घाई करीत नाही. शांततेतून नाद कधी निघाला हे कळू नये, अशा बेताने तो सुरुवात करतो.

मी शाळामास्तर आहे. एकच कविता एकाच दिवशी दोन वर्गांना शिकविली तर ती दोन कविता होते, हा अनुभव माझ्या व्यवसायात रोजचा आहे. पुस्तक तेच, मास्तर तोच. पण समोर कोण बसले आहे ह्यावर शब्दांचे वजन बदलते. फुर्टव्हेंगलरचा तिसरा विचार नेमका हाच आहे. वाजविणारे आणि ऐकणारे ह्यांच्या एकत्र येण्यातून संगीत जन्मते. ती जवळीक नसेल तर उरतो तो आवाज.

येथूनच कोडे सुरू होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. फॅसिस्टांचे गीत वाजविण्यास नकार दिल्याबद्दल १९३१ साली बोलोन्यात मार खाल्लेल्या टोस्कानिनीने बायरॉइटचे निमंत्रण नाकारले. फुर्टव्हेंगलर जर्मनीतच राहिला. तो गप्प बसला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी त्याने गोबेल्सला जाहीर पत्र लिहून कलेत चांगली आणि वाईट एवढाच भेद आपण मानतो असे बजावले. १९३४ साली हिंडेमिथ ह्या संगीतकाराची बाजू घेऊन लेख लिहिला आणि पदांचे राजीनामे दिले. ज्यू वादकांना त्याने मदत केली. पण १९३५ साली तो पुन्हा उभा राहिला, आणि १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, त्याने तीच नववी सिम्फनी वाजविली. शेवटी गोबेल्सने पुढे येऊन त्याच्याशी हस्तांदोलन केल्याचे चित्रण आजही पाहता येते. १९४६ च्या डिसेंबरात बर्लिनच्या चौकशीतून तो निर्दोष सुटला. यहुदी मेन्युहिनसारखा ज्यू वादक त्याच्या पाठीशी उभा राहिला. उलट १९४९ साली अमेरिकेतल्या कलावंतांच्या विरोधामुळे शिकागोचे पद त्याला सोडावे लागले.

संगीत राजकारणाच्या वर आहे, आणि त्या अंधारात जर्मन माणसाला बीथोव्हनची गरज होती, हा त्याचा बचाव. त्याचे चाहते आणखी सोपी वाट काढतात: माणूस वेगळा, संगीत वेगळे. १९४२ च्या मार्चमधील त्याच्या नवव्या सिम्फनीच्या ध्वनिमुद्रणात नगाऱ्यांचे घाव अंगावर येतात; काहींना त्यात निषेध ऐकू येतो. मला ते भयंकर वाटते, भव्यही वाटते. परंतु नगारा कोणाच्या वतीने वाजला ह्याची साक्ष नगारा देऊ शकत नाही.

टोस्कानिनीच्या अनुयायाला ही सोपी वाट कदाचित चालेल. संगीत कागदावर पूर्ण आहे असे मानले, तर सभागृहात कोण बसले आहे ह्याने त्याचे काही बिघडत नाही. फुर्टव्हेंगलरला ही वाट मोकळी नाही. ऐकणाऱ्यांवाचून संगीत होत नाही, हे त्यानेच सांगितले. मग पहिल्या रांगेतले गणवेशही त्या संध्याकाळच्या संगीताचे घटक झाले, आणि विश्वबंधुत्वाचे ते गान त्यांच्या संगतीत जन्मले. आपल्या श्रोत्यांपासून तुटलो तर आपले संगीत संपेल, ह्या भावनेने तो देश सोडू शकला नाही, असे मला वाटते. त्याची कला आणि त्याचा दोष ही एकाच मुळाची फळे आहेत.

म्हणून त्याची ध्वनिमुद्रणे बंद करावीत असे मी म्हणणार नाही. विसाव्या शतकात लयीला इतका जिवंत श्वास देणारा संचालक मला दुसरा दिसत नाही. परंतु त्याला मोठा मानायचे तर त्याच्या विचारांसकट मानले पाहिजे, आणि त्याच्याविरुद्धची सर्वांत कठोर साक्ष त्या विचारांतच आहे.