कुपवाडच्या भाषा : एक फेरवाचन

भाषा आणि संस्कृती यांच्या नात्याविषयी लिहिताना कुपवाडचा दाखला हमखास येतो. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा तो निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. सांगलीजवळच्या या गावात जैन व लिंगायत घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी. थोडी तेलुगूही होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे या भाषांचे व्याकरण जवळजवळ एक झाले, शब्द मात्र वेगळे राहिले, असा निबंधाचा निष्कर्ष. एरवी कन्नडमध्ये ‘हे तुमचे घर’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. कुपवाडची कन्नड मराठीसारखे शेवटी ‘आहे’ जोडते. प्रमाण उर्दूत ‘हम’ एकच; इथल्या उर्दूने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला मराठी भेद उचलला.

हा निबंध आपल्याकडे सलोख्याचा पुरावा म्हणून वाचला जातो. मला ते वाचन अपुरे वाटते. शब्द वेगळे का राहिले, याचे निबंधातले उत्तर आपण घाईने ओलांडतो. घरची भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती आणि परक्याला घरात मोकळी वाट नव्हती. शेतात, बाजारात रोजचा संबंध. रोटीबेटीचा मात्र नाही. वाक्यरचना जुळली ती पहिल्यामुळे, शब्द राखले गेले ते दुसऱ्यामुळे. ‘आपण’ हा भेद उचलणाऱ्या गावाची ही गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही.

त्याहून खटकतो तो मराठीच्या ‘तटस्थते’चा मुद्दा. गावातल्या वरचढ गटांची ती घरची भाषा नव्हती, म्हणून परस्परव्यवहाराला सोयीची. पण दलितांची ती घरचीच होती! त्यांच्यापुरती तटस्थ भाषा कोणती? (सोय कोणाची, हे विचारल्याखेरीज तटस्थतेला अर्थ नाही.)

पुढे १९६० नंतर मराठी शाळेची आणि सरकारी कागदाची भाषा झाली, तेव्हा तीही तटस्थता उरली नाही. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी केलेल्या फेरअभ्यासात एकाच साच्यातल्या चार भाषांचे चित्र जसेच्या तसे टिकत नाही. मराठीचे वजन वाढलेले दिसते. दरम्यान १९९८ मध्ये कुपवाड सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत गेले, तिथे औद्योगिक वसाहतही आहे. तरीही आपले लेख अजून त्या १९७१ च्या खेड्यातच फिरतात.