उद्दीपन की आलंबन? : छायाचित्र, भूदृश्य आणि निर्मितिप्रेरणा

छायाचित्रावरून कविता सुचली, एखाद्या खोऱ्याच्या दर्शनाने कादंबरी उभी राहिली, अशी विधाने लेखकांच्या मुलाखतींतून वारंवार आढळतात. समीक्षा ती चरित्राच्या खात्यात जमा करून पुढे जाते. वस्तुतः ‘प्रेरणा’ हा शब्द येथे दोन भिन्न व्यापारांना लावला जातो. दृश्य मनात आधीच असलेल्या भावाला चेतविते, हा एक. दृश्यच त्या भावाचा विषय होते, हा दुसरा. संस्कृत काव्यशास्त्राने विभावाचे आलंबन व उद्दीपन असे प्रकार मानून चंद्रोदय, उपवन, नदीतीर यांना प्रायः उद्दीपनात बसविले. मराठीतील निसर्गवर्णनाची चर्चा बव्हंशी याच चौकटीत राहिली आहे.

या चौकटीची मर्यादा मुळशी तालुक्यातील मुठा परिसरात स्पष्ट होते. पिरंगुटहून मुठा गावावरून टेमघरकडे जाताना पावसाळ्यात जी छायाचित्रे घेतली जातात, त्यांत हिरवे डोंगर, धबधबे, भातखाचरे आणि जलाशय असतात. हे सारे ‘निसर्ग’ म्हणून पाहिले जाते. परंतु त्यातील जलाशय हा मानवी निर्णयाचा परिणाम आहे. मुठेवर टेमघर, तिला मिळणाऱ्या आंबी व मोसे या नद्यांवर पानशेत व वरसगाव, त्यांच्या खाली खडकवासला, अशी ही धरणांची माळ आहे. शेजारच्या मुळा नदीवर टाटा कंपनीचे धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. कॅमेऱ्याला यांतील काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो पाण्याचा पृष्ठभाग.

अशा भूमीवर लिहिणाऱ्याने दृश्याला केवळ उद्दीपन मानले, तर त्याचे लेखन पृष्ठभागावरच थांबते. गो. नी. दांडेकरांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये तुंग किल्ल्याचा परिसर ही पात्रांमागची पार्श्वभूमी नाही, धोंडीचा मान, अहंता आणि नाती किल्ल्याच्या हवालदारीशी बांधलेली आहेत. पवना धरण या कादंबरीनंतरचे. त्यामुळे आजचा वाचक तिच्याकडे वळतो, तेव्हा जलाशयाच्या छायाचित्रात नसलेली भूमी त्याला शब्दांत भेटते. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) उलट दिशेचा प्रवास आहे. तेथे धरण हाच कथाविषय असून भूमीचे मोल ती गमावणाऱ्यांच्या वाताहतीतून कळते. दोन्हींत भूमी आलंबन आहे. एकीत ती जगली जाते, दुसरीत हिरावली जाते.

छायाचित्राबाबतही हाच भेद लागू पडतो. रोलां बार्थ यांनी १९८० मधील आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राला केंद्रस्थान दिले, पण ते ग्रंथात छापले नाही. इतरांच्या लेखी ते अनेकांपैकी एक ठरले असते. लेखनाला चालना देणारे तत्त्व छायाचित्राच्या चौकटीत नव्हे, तर चौकटीशी पाहणाऱ्याच्या असलेल्या संबंधात असते, असा याचा अर्थ होतो. अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’त किम ही व्हिएतनामी मुलगी येते. ८ जून १९७२ चे तिचे छायाचित्र जगाने पाहिले होते. ते पाहून हळहळणे हे उद्दीपन. तिला जगभरच्या रडणाऱ्या स्त्रियांच्या मालिकेत स्थान देणे हे कवीचे कर्तृत्व.

यावर असा आक्षेप संभवतो की, मग प्रत्येक निसर्गकवितेकडून इतिहासाची मागणी करावी लागेल. तशी मागणी अभिप्रेत नाही. धरणाचा उल्लेख केल्याने कविता खोल होत नाही आणि न केल्याने उथळ ठरत नाही. मम्मटाने निपुणतेचे मूळ लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या अवेक्षणात सांगितले आहे. अवेक्षण म्हणजे नुसते पाहणे नव्हे. त्यात लोकव्यवहाराचे ज्ञान अंतर्भूत आहे. मुठेच्या खोऱ्यात हे ज्ञान म्हणजे खाचर कोणाचे, पाणी कोणासाठी आणि जुनी वाट कोठे बुडाली, याची जाण. ही जाण शब्दकळेत, प्रतिमांच्या निवडीत, प्रसंगी मौनातही उतरू शकते. समीक्षेने लेखकाला कोणत्या दृश्याने प्रेरणा दिली हे विचारण्याऐवजी, त्या दृश्यात न मावलेल्या कशाची जबाबदारी त्याच्या भाषेने घेतली, हे संहितेत शोधावयास हवे.