कायफेंगचे यहुदी आणि चिनी विद्यापीठे

शू शिन यांचा कायफेंगच्या यहुद्यांवरील इंग्रजी ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला. नानजिंग विद्यापीठातील हे प्राध्यापक यहुदी विद्येकडे वळले ते सॉल बेलोसारख्या अमेरिकन यहुदी कादंबरीकारांच्या अभ्यासातून. जानेवारी १९९२ मध्ये चीन व इस्रायल यांचे राजनैतिक संबंध जुळले. त्याच वर्षी नानजिंगचे अभ्यासकेंद्रही उभे राहिले. शांघायमध्ये असे केंद्र १९८८ पासून होते. शानडाँग विद्यापीठात ते १९९४ साली, तर खुद्द कायफेंगच्या हेनान विद्यापीठात २००२ साली निघाले.

ग्रंथाचा विषय विलक्षण आहे. ११६३ साली कायफेंगला सभास्थान बांधले गेले. १६०५ साली तेथील आय तिआन नावाचा यहुदी बीजिंगमध्ये येशूसंघीय फादर मत्तेओ रिच्ची यांना भेटला. बाळ येशू व योहान बाप्तिस्ता यांच्यासह असलेले पवित्र मरियेचे चित्र पाहून, ही रिबेका आणि तिचे पुत्र याकोब व एसाव, अशी त्याची समजूत झाली! पुढे कायफेंगच्या रब्बीने तर, डुकराचे मांस सोडल्यास आपल्या पश्चात सभास्थानाचे प्रमुखपद घ्यावे, असे रिच्चींना सुचविले. 

चीनमध्ये यहुद्यांचा छळ झाला नाही, हे चिनी अभ्यासकांचे आवडते सूत्र. इतिहास म्हणून ते बव्हंशी खरे आहे. पण त्याचा उपयोग आता प्रशस्तिपत्रकासारखा होतो, हे खटकते. कारण शासनमान्य पाच धर्मांत यहुदी धर्म नाही आणि मान्यताप्राप्त छप्पन्न वांशिक गटांत यहुदी नाहीत. २०१५-१६ पासून कायफेंगमधील वंशजांच्या प्रार्थनासभांवर बंधने आली. त्याच शहरातील विद्यापीठात मात्र यहुदी इतिहासाचे अध्यापन निर्वेध चालते. मृत यहुद्यांचे कौतुक आणि जिवंतांविषयी मौन, असा हा प्रकार. अभ्यासकांना भित्रे म्हणणे अन्यायाचे ठरेल; परवानगी शासनाची आणि देणग्या बव्हंशी परदेशस्थ यहुद्यांच्या, अशा कात्रीत ते काम करतात. नानजिंगच्या संस्थेला ग्लेझर या अमेरिकन दाम्पत्याचे नाव आहे, त्यातही वावगे काही नाही. पण या व्यवहारात वंशजांना कोण विचारतो?

शिवाय विद्यापीठाबाहेर वाचले जाते ते निराळेच. सुंग हाँगबिंग यांचे ‘चलनयुद्ध’ (२००७) हे रॉथशिल्ड घराण्याच्या कारस्थानांचे रंजक, अनैतिहासिक पुस्तक चीनमध्ये अफाट खपले. शांघायच्या ससून घराण्याची (जे मुंबईहूनच तेथे गेले) श्रीमंतीही अशाच नजरेने पाहिली जाते. या अज्ञानाला उत्तर देण्याची सामग्री शू शिन यांच्यापाशी निश्चित आहे. १९९३ साली त्यांनी यहुदी विश्वकोशाची चिनी आवृत्ती सिद्ध केली, ते काम या ग्रंथाहूनही मोलाचे वाटते.