नाताळच्या ताटाशेजारी तांबडी वाइन

काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने दिलेला अभिप्राय हा वाइनच्या समीक्षेचा नमुनाच म्हणावा लागेल. ती वाइन कोठून आली, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने ती चाखली, आधीच्या वाइनशी ताडून पाहिली आणि सरस ठरविली. आपण मात्र हल्ली आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचतो आणि मग जिभेला तिच्याशी सहमत व्हायला लावतो.

चिखल्यासारख्या मँगनीज खाणीच्या गावी मद्य म्हटले की मोहाची दारूच डोळ्यांपुढे येते. तिने उद्ध्वस्त केलेले संसारही. त्यामुळे नाताळच्या ताटाशेजारी तांबडा पेला दिसला की घरची वडीलधारी बाई बिचकते. तिचा संकोच हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मिस्सेत आपण जिला ‘द्राक्षारस’ म्हणतो ती खरोखर आंबवलेली वाइनच असते, हे सांगितल्याने तो फिटतही नाही. जेवणाबरोबर, घासाघासाने आणि चव ओळखून पिणे ही निराळी रीत आहे, हे ताटावरच दाखवावे लागते.

या हेतूने गेल्या नाताळात आमच्या घरी चार तांबड्या वाइन चाखल्या. ताटात सावजी पद्धतीचा मटणाचा रस्सा, भात आणि एका गोवेकर स्नेह्यांनी आणलेले डुकराच्या मांसाचे विंदालू होते. तांबड्या मांसाला तांबडी वाइन हा युरोपातला नियम पहिल्याच घासाला कोलमडला. द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणारा तुरटपणा मांसाच्या चरबीने सौम्य होतो, हे खरे; पण तो नियम बिनतिखट भाजलेल्या मांसासाठी घडलेला. मिरचीचा दाह मद्यार्काने वाढतो आणि त्या दाहात तुरटपणा अधिकच बोचतो. चौघींत सर्वांत महाग असलेली कॅबरने सोव्हिन्यो रश्श्यापुढे शाईसारखी कडवट लागली. दोष तिचा नव्हे, जोडी लावणाऱ्याचा. शिराझ काहीशी बरी. तिच्या अंगचा मिरीचा वास खसखस, सुके खोबरे आणि दगडफूल यांच्या काळ्या मसाल्याशी जुळतो. पण दुसऱ्या पेल्याला तीही जड होते. नाशिककडची झिनफँडेल फळाळ आणि कमी तुरट. रश्श्याची धग तिने झाकली नाही नि वाढवलीही नाही. आमच्या मते रश्श्याबरोबर तीच पहिली.

विंदालूची गोष्ट वेगळी. हे नावच वाइन आणि लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आलेले. गोव्यात वाइनच्या जागी माडीचा शिरका आला. शिरक्याच्या आंबटापुढे बहुतेक तांबड्या वाइन मिळमिळीत होतात. तेथे गोव्याची गोड ‘पोर्ट’ कामी आली. जाणकार तिला नाक मुरडतात, आणि खरी पोर्ट ती नव्हेच. खरी पोर्तुगालच्या दौरू खोऱ्यातली, ब्रँडी घालून आंबणे थांबवलेली. (त्या खोऱ्याची सीमा 1756 साली आखून देणारा पोंबाल तो हाच, ज्याने 1759 मध्ये येशूसंघीयांना पोर्तुगालमधून हाकलले!) तरीही तिखट-आंबटाला गोडवा सावरतो, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

जाता जाता उष्णतेविषयी. तांबडी वाइन ‘खोलीच्या उष्णतेवर’ द्यावी म्हणतात, ती सोळा ते अठरा अंशांची. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री खोली त्याहूनही गार होते आणि गारठ्याने तुरटपणा अधिक जाणवतो. पेला थोडा वेळ तळहातात धरावा. मे महिन्यात मात्र हीच बाटली गार पाण्यात ठेवावी लागेल.

उरली घरची मनुक्यांची वाइन. तिच्यावर आमची माया आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो: साखर, गहू, दालचिनी घातलेली ही वाइन वेदीवर चालत नाही आणि रश्श्याबरोबरही शोभत नाही. केकच्या तुकड्याबरोबर मात्र चारही बाटल्या तिच्यापुढे फिक्या पडल्या. ज्या बाईने आधी पेल्याला नकार दिला होता, तिने ती लहानशा पेल्यातून, अर्धा तास लावून घेतली; आणि यंदा साखर जास्त झाली, असा अभिप्राय दिला.