माघार, वापसी आणि हरवलेला कर्ता
व्हिएतनाम युद्धकाळातील पाच भाषणांचे वाचन

‘माघार’ या शब्दाला मराठीत चांगला वास नाही. निवडणुकीतली माघार चार दिवसांत विसरली जाते. सैन्याने माघार घेतली म्हटले, की ऐकणाऱ्याची मान खाली जाते. म्हणून वर्तमानपत्रे हल्ली ‘सैन्यवापसी’ लिहितात. घटना तीच असते, पण शब्द बदलला की दोषाचा धनी बदलतो. परमुलखात चालू असलेल्या युद्धातून सैन्य परत आणावे की नाही, हा वाद सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत उघडपणे झाला तो अमेरिकेत, व्हिएतनामवरून. तो आधी मताचा वाद होता, नंतर निधीचा झाला. पण पहिल्या दिवसापासून तो भाषेचा वाद होता.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पोटापाण्याची नोकरी सांभाळून जे हाती लागले ते वाचत आलो. त्यामुळे या वादातली पाच भाषणे तपासताना माझ्याजवळ हत्यार होते ते शाळेत शिकलेल्या कारकविचाराचे. कर्ता कोण, कर्म कोणते, संप्रदान म्हणजे क्रिया कोणासाठी, एवढेच मी प्रत्येक भाषणाला विचारले. विशेषतः एक प्रश्न : या वाक्यांत व्हिएतनामी माणूस कोणत्या जागी उभा आहे?

१

पहिले भाषण अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे, ७ एप्रिल १९६५ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दिलेले. त्याआधी, ऑगस्ट १९६४ मध्ये, टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला होता. विरोधातले दोन सिनेटर म्हणजे ओरेगॉनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. दोघांनाही १९६८ मध्ये आपली जागा गमवावी लागली.

जॉन्सन यांच्या भाषणाचा कणा ‘दिलेला शब्द’ हा आहे. आम्ही वचन दिले आहे, ते पाळणार; शिवाय मेकाँग नदीच्या खोऱ्याच्या विकासासाठी शंभर कोटी डॉलरची गुंतवणूक करू, असे ते सांगतात. येथे अमेरिका कर्ता आणि व्हिएतनामी संप्रदान. युद्धही त्यांच्यासाठी, धरणेही त्यांच्यासाठी.

ही चतुर्थी कितपत खरी होती? भाषणाच्या दोन आठवडे आधी संरक्षण खात्यातले अधिकारी जॉन मॅकनॉटन यांनी एका टिपणात अमेरिकेच्या हेतूंची टक्केवारी मांडली होती : ७० टक्के मानहानिकारक पराभव टाळणे, २० टक्के तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणे आणि १० टक्के दक्षिण व्हिएतनामच्या लोकांना अधिक चांगले, मोकळे जीवन मिळू देणे. हे टिपण १९७१ मध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’मधून बाहेर आले. भाषणात जे शंभर टक्के होते, ते कागदावर दहा टक्के होते. आणि स्वतः जॉन्सन २७ मे १९६४ रोजी, म्हणजे टोंकिन ठरावाच्याही आधी, आपले सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना दूरध्वनीवर सांगत होते, की हे युद्ध लढण्याच्या लायकीचे वाटत नाही आणि यातून बाहेर पडता येईल असेही वाटत नाही.

२

दुसरे भाषण व्हरमाँटचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज एकन यांचे, १९ ऑक्टोबर १९६६ चे. ‘विजय जाहीर करा आणि घरी या’ या सूत्राने ते प्रसिद्ध आहे. मूळ भाषण वाचल्यावर मात्र धक्का बसतो. एकन इतके सरळ बोललेच नव्हते. युद्धाचा हा टप्पा संपला, बहुतेक रणभूमी आमच्या ताब्यात असून शत्रू आपली सत्ता स्थापू शकत नाही, या अर्थाने आम्ही जिंकलो, असे अमेरिकेने एकतर्फी जाहीर करावे आणि सैन्य क्रमाक्रमाने मोक्याच्या ठाण्यांभोवती आणावे, अशी त्यांची सूचना होती. ‘घरी या’ हे लोकांनी पुढे जोडले.

एकन यांनी ओळखले होते, की अडचण सैन्याची नसून शब्दाची आहे. ‘माघार’ म्हणावे लागणार नाही अशी वाट सापडली, तरच सरकार हलेल. पण या चतुर तोडग्यातही जिंकल्याचे ठरवणारी अमेरिकाच. समोरचा लढतो आहे आणि निकालात त्याचेही काही म्हणणे असेल, ही शक्यता वाक्यात नाही.

तिसरे भाषण रिचर्ड निक्सन यांचे, ३ नोव्हेंबर १९६९ चे, ‘मूक बहुसंख्या’ या शब्दप्रयोगामुळे गाजलेले. येथे व्हिएतनामी माणूस ठळकपणे येतो, पण कर्म म्हणून. आपण घाईने निघालो तर तेथे कत्तल होईल, असे सांगताना निक्सन १९६८ मध्ये ह्यू शहरात मारल्या गेलेल्या नागरिकांचा दाखला देतात. दाखला खोटा नाही. ह्यूचे हत्याकांड घडले होते. पण शेवटाकडे ते म्हणतात, की उत्तर व्हिएतनाम अमेरिकेला हरवू किंवा अपमानित करू शकत नाही. ते फक्त अमेरिकनच करू शकतात. म्हणजे व्हिएतनामींना स्वतःच्या विजयाचेही कर्तेपण नाही! पराभव झालाच तर त्याचा कर्ता घरातला विरोधक. सैन्यवापसीच्या प्रत्येक वादात पुढे हेच वाक्य वेगवेगळ्या वेषांत भेटते.

३

चौथे भाषण मला मनापासून आवडते, म्हणूनच त्याची तपासणी अवघड गेली. १९७१ अखेर सर्व सैन्य परत आणावे, अशी दुरुस्ती साउथ डकोटाचे जॉर्ज मॅकगव्हर्न आणि ओरेगॉनचे मार्क हॅटफिल्ड यांनी मांडली होती. १ सप्टेंबर १९७० रोजी मतदानापूर्वी मॅकगव्हर्न काही मिनिटेच बोलले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाच्या ३५ मोहिमा केलेला हा माणूस सहकाऱ्यांना म्हणाला, की तरुणांना थडग्यात धाडण्याचा दोष इथल्या प्रत्येकावर आहे आणि या सभागृहाला रक्ताची दुर्गंधी येते आहे. लष्करी इस्पितळांतल्या हातपाय गमावलेल्या मुलांकडे त्यांनी बोट दाखवले. दुरुस्ती ५५ विरुद्ध ३९ मतांनी पडली.

भाषण म्हणून ते निर्दोष वाटते. पण रक्त कोणाचे? अमेरिकन मुलांचे. व्हिएतनामी येथे कर्ता नाही, कर्म नाही, संप्रदानही नाही. त्याचा लोप झाला आहे.

यावर आक्षेप येईल, की सिनेटरला आपल्या मतदारांना उत्तर द्यायचे असते, तो आपल्याच मुलांविषयी बोलणार. आक्षेप रास्त आहे. शेवटी याच भाषेच्या बळावर काँग्रेसने १५ ऑगस्ट १९७३ पासून इंडोचीनमधल्या लष्करी कारवाईचा निधी बंद केला. पण त्या लोपाची किंमत मोजावी लागली. विरोधाचे गाऱ्हाणे ‘आमची मुले मरतात’ एवढेच असेल, तर सरकारने आपली मुले मरणार नाहीत अशी तजवीज केली की विरोधाची धार जाते. निक्सन यांच्या ‘व्हिएतनामीकरणा’ने हेच केले. एप्रिल १९६९ मध्ये ५ लाख ४३ हजार असलेले सैन्य घटत गेले. १९६८ मध्ये १६ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले होते. १९७२ मध्ये हजाराच्याही आत. त्याच १९७२ साली डिसेंबरमध्ये हनोईवर प्रचंड बॉम्बवर्षाव झाला आणि दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यासाठी ते वर्ष सर्वांत जीवघेण्या वर्षांपैकी एक ठरले. सैन्यवापसी होत होती, युद्ध होतेच. मरणारे बदलले होते.

४

पाचवे भाषण २२ एप्रिल १९७१ रोजी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे २७ वर्षांच्या जॉन केरी यांनी दिलेली साक्ष. चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस हो, असे एखाद्याला कसे सांगायचे, हा त्यांचा प्रश्न जगभर गेला. ‘आधीच्यांचे बलिदान वाया जाऊ नये’ या युक्तिवादाला यापेक्षा नेमके उत्तर मला आढळले नाही. तो युक्तिवाद मेलेल्यांच्या नावावर जिवंतांकडून वसुली करतो. केरी यांनी ती वसुली करणाऱ्याला समोर उभे केले.

पण त्याच साक्षीत आणखी एक वाक्य आहे, जे क्वचितच उद्धृत होते. तिथल्या बहुतेकांना साम्यवाद आणि लोकशाही यांतला फरकही ठाऊक नव्हता, त्यांना फक्त भातखाचरांत काम करायचे होते. वरून हेलिकॉप्टरांचा गोळीबार नको होता, गाव जाळणारे नापाम नको होते, असे केरी सांगतात. पाच भाषणांत हाच एक क्षण मला असा सापडला, जिथे व्हिएतनामी माणसाला स्वतःचे क्रियापद आहे : त्याला काही हवे आहे, काही नको आहे. प्रसिद्धी मिळाली ती शेवटच्या अमेरिकन माणसाच्या वाक्याला. भातखाचराचे वाक्य मागे पडले.

केरीही पुढे चुकले. सैन्य निघाल्यावर जिवाला धोका होईल अशा लोकांचा त्यांचा अंदाज दोन-तीन हजारांचा होता. १९७५ नंतर लाखो लोक ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत गेले आणि पुढच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसे होड्यांतून देश सोडून परक्या किनाऱ्यांना लागली. समुद्रात बुडालेले वेगळे. वापसीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा हिशेब मांडलाच नव्हता. तो मोकळा सोडला, म्हणून दुसऱ्याने उचलला : २२ ऑगस्ट २००७ रोजी कॅन्सस सिटीत माजी सैनिकांपुढे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी याच होड्यांचा आणि छावण्यांचा दाखला इराकमधून सैन्य न काढण्यासाठी दिला. व्हिएतनामी माणूस पुन्हा भाषणात आला, तो दुसऱ्या युद्धाचे कारण होऊन.

५

हे सगळे वाचताना आपले घर आठवल्यावाचून राहत नाही. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली ती तमिळांसाठी. पुन्हा तीच चतुर्थी. ऑक्टोबरपासून ती एलटीटीईशी लढू लागली. जून १९८९ मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी ‘निघा’ म्हटले. अखेरची तुकडी २४ मार्च १९९० रोजी निघाली. सुमारे बाराशे भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सैन्य मद्रासला उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत; ही गोष्ट अजून रागाने सांगितली जाते. पण २१ ऑक्टोबर १९८७ रोजी भारतीय सैन्य जाफनाच्या रुग्णालयात शिरल्यावर तिथले डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले, हे आपल्याकडे किती जणांनी ऐकले आहे? परमेश्वरन यांचे नाव आपल्याला ठाऊक असावे, आणि त्या रुग्णालयाचेही. एकाचा आदर राखण्यासाठी दुसऱ्याचा लोप करण्याची गरज नाही.

व्हिएतनाममधून निघण्याचा निर्णय योग्यच होता, आणि तो आणखी आधी व्हायला हवा होता, असे माझे मत आहे. तरीही त्या बाजूची उत्तम भाषणे अपुरी राहिली. वॉशिंग्टनच्या स्मारकभिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये आपल्या बाजूचा अंदाज दिला, तो सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख सैनिकांचा होता. सैन्य आणावे की ठेवावे, असा वाद पुन्हा कानी आला, तर वाचकांनी दोन्ही पक्षांच्या वाक्यांत त्या मुलखातल्या माणसाची जागा शोधावी. तो कोठे उभा आहे हे कळले, की बोलणाऱ्याला युद्ध थांबवायचे आहे की फक्त आपले मरण थांबवायचे आहे, हेही कळते. ‘माघार’ म्हणायचे की ‘वापसी’, हा प्रश्न त्यानंतरचा.