बलुतं आणि मजुरी

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यातल्या वेदनेवर पुष्कळ लिहून झाले. मला त्याचे नावच आधी अडवते. बलुतं हा मोबदल्याचा शब्द आहे. काम जन्माने ठरलेले, दाणा मात्र देणाऱ्याच्या मर्जीचा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले; १९२० ची परिषद तर इथून जवळच, माणगावला झाली. तो धागा धरून मी हे पुस्तक हुपरीत वाचतो.

इथे चांदीचे पैंजण घरोघर घडतात. मजुरी मालावर. ती रोख मिळते, हात पसरावा लागत नाही, हा फरक लहान नव्हे. पण कड्या जोडायला आई बसते, शाळेतून आलेले पोर बसते, आणि मजुरी येते ती एकच. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप घातले होते: एक कमावता, खाणारी तीन एकके, प्रत्येकी २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाचे ७२ यार्ड कापड, आणि बायकामुलांची कमाई हिशेबात धरायची नाही. ही शेवटची अटच घरकामात उलटी होते. (त्या मापात पोराची वही नव्हती. शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी २५ टक्के सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली जोडले.)

आपल्या नव्या कथांत भूक येते, दर येत नाही. मालक दुष्ट असतो, पण तो किती देतो ते लेखक सांगत नाही. रात्री काम चालते त्या दिव्याचे बिल कोण भरतो, एवढे तरी कळावे.